उशाची बाजू

१

येळ्ळूरच्या भावकू गवंड्यानं चाळीस वर्षांत शंभरएक घरं उभी केली, पण एकाही घराचा कोपरा काटकोनातून ढळला नाही. स्वतःचं घर बांधताना तर त्यानं आधी अंगणात खुंटी ठोकली, दिवसभर तिची सावली धरली, पूर्व नक्की केली आणि मगच पाया खणला. गावात कुणाची भिंत जरा तिरकी दिसली की लोक म्हणत, "एकदा भावकूला दाखव जा, मग कळंल." असा हा माणूस फेब्रुवारीपासून त्याच घरातल्या एका चौरस खोलीत लोखंडी कॉटवर पडून होता. उजवं अंग गेलं होतं. वाचाही गेली होती, फक्त एक शब्द मागे राहिला होता. "थांब." पाणी हवं असलं तरी थांब, कूस बदलायची असली तरी थांब, नाकावर माशी बसली तरी थांब. देव दयाळू म्हणतात, पण कधीकधी त्याचा कंजूषपणा बघून राग येतो.

त्याची मुलगी प्रियदर्शनी बेळगावच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. आई लहानपणीच गेलेली, भावंड नाही. ती सकाळी स्कूटरवरून जायची, पाचला परतायची, आणि मधल्या वेळात शेजारची मंगल आप्पांजवळ बसायची. शिवाय प्रियदर्शनीची पीएचडी चालू होती, पुण्याच्या कल्याणी मॅडमांच्या हाताखाली. एका मोठ्या दुर्बिणीनं काढलेले फोटो लॅपटॉपवर यायचे. त्यात हजारो पुसट ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचा समूह. त्यांचे आकार बघून ते वेगळे काढायचे. तांदूळ निवडावेत तसं हे काम, नुसतं बसून आणि डोळे फोडून करायचं.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी ती असंच निवडत होती. एका ठिपक्याशी थांबली. त्याच वेळी परसात काहीतरी धप्पकन पडलं. "आले आप्पा," ती म्हणाली. पण उठली नाही. पडद्यावर जे दिसत होतं ते तिला सोडवेना. बारा मिनिटांनी ती परसात गेली तेव्हा आप्पा हौदाजवळ आडवे होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पडून किती वेळ झाला? ती म्हणाली, आत्ताच.

हे खोटं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आप्पा जगले, एवढ्यावर तिचे दिवस जात होते. यापुढं आपल्या हातून त्यांना काही होऊ नये, एवढंच तिचं देवाजवळ मागणं होतं.

२

जे तिनं पाहिलं होतं ती एक सर्पिल दीर्घिका होती. दोन भुजा गोल वळत गेलेल्या, आणि मधोमध ताऱ्यांचा एक सरळ दांडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिचा प्रकाश निघाला त्याला बारा अब्ज वर्षं झाली होती. इतक्या जुन्या काळी दीर्घिकांना असा दांडा तयारच झालेला नसतो, असं सगळी पुस्तकं सांगतात.

"प्रियदर्शनी, तिथे असा दांडा असूच शकत नाही," कल्याणी मॅडम आधी म्हणाल्या. पुढं आठ महिने त्यांनी स्वतः पडताळून पाहिलं आणि नोव्हेंबरात निबंध छापायला पाठवला. शोध लावणारी म्हणून पहिलं नाव प्रियदर्शनीचं होतं. दांड्याचा उत्तरेपासूनचा कोन दोघींनी वेगवेगळा मोजला आणि दोघींचाही नव्वदच आला. म्हणजे दांडा नेमका पूर्व-पश्चिम. आप्पांना बरं वाटलं असतं, असं तिला तेव्हा वाटून गेलं.

गावानं सत्कार केला. देवळासमोर फ्लेक्स लागला आणि त्यावर तिच्या फोटोच्या चौपट मोठे फोटो पुढाऱ्यांचे आले. नागोजीअण्णा सीमालढ्यात तीनदा आत जाऊन आलेले. त्यांनी माइक हातात घेऊन विचारलं, "पोरी, तुझी ती दीर्घिका कुठल्या राज्यात येतीया ते आधी सांग. न्हायतर आणि एक खटला चालायचा." सगळे पोट धरून हसले. प्रियदर्शनीही हसली, आणि नारळ-शाल घेऊन घाईनं घरी आली, कारण आप्पांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती.

३

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निबंध तपासणाऱ्यांचं पत्र आलं. दांड्याचा कोन पुन्हा एकदा मोजून कळवा, एवढीच किरकोळ दुरुस्ती होती. तिनं रविवारी सकाळी फाइल उघडली, रेघ टाकली, आकडा पाहिला. सत्त्याऐंशी.

तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा सत्त्याऐंशी. पुण्याला फोन केला तेव्हा मॅडमांनी तिथल्या तिथे तीच फाइल उघडून सांगितलं, "नव्वदच आहे गं. तू दमली आहेस. वडिलांचं करून हे सगळं करतेस, थोडी झोप काढ."

ते खरंच होतं. दांडा काय, भुजा काय, सगळी दीर्घिका एकदा फिरायला कोट्यवधी वर्षं लागतात. माणसाच्या आयुष्यात ती केसभरही हललेली दिसायची नाही. प्रियदर्शनीनं तोंड धुतलं, चहा केला आणि कप घेऊन आप्पांच्या खोलीत गेली.

कॉटच्या पायांखाली शहाबादी फरशीवर गंजाची चार वर्तुळं उमटली होती. दहा महिन्यांत ती पक्की बसली होती, कितीही घासली तरी जात नव्हती. ती चारही वर्तुळं आज उघडी होती आणि कॉटचे पाय त्यांच्या शेजारी टेकले होते. पूर्वेला उशी करून भिंतीला लावलेली कॉट किंचित तिरकी झाली होती.

"मंगलआक्का, कॉट हलीवलीस काय गं?"

मंगल परसात भांडी घासत होती. "मी कशाला हलवू गं? आणताना तीन गडी लागलं हुतं. मला काय येडं लागलंय?"

"फरशी पुसताना?"

"पुसताना मी खाली वाकून पुसतो, तुला म्हाईत न्हाय व्हय."

आप्पा छताकडे बघत होते. "थांब," ते म्हणाले. प्रियदर्शनीनं त्यांना पाणी पाजलं.

४

पुढचे दहा दिवस तिनं रोज दोन गोष्टी मोजल्या. सकाळी खोलीत आप्पांचा काटकोन तपासायचा जुना गुण्या आणि कॉलेजातला कोनमापक घेऊन कॉट, आणि दुपारी कॉलेजात लॅपटॉपवर दांडा. होकायंत्राचा उपयोग नव्हता, लोखंडाजवळ ते खोटं बोलतं. पण घर भावकूनं बांधलेलं, भिंतीच होकायंत्रापेक्षा खऱ्या. सोमवारी कॉट पंच्याऐंशी, दांडा पंच्याऐंशी. बुधवारी दोन्ही ऐंशी. शनिवारी दोन्ही एकाहत्तर.

चित्र आणि खोली डोळ्याला मात्र सारखी दिसत नव्हती. खोलीत पायथ्याकडून बघितलं तर उशी डाव्या अंगाला सरकत होती, चित्रात दांड्याचं टोक उजवीकडे. याचं कारण तिला माहीत होतं. जमीन आपण वरून बघतो आणि आकाश खालून, म्हणून आकाशाच्या चित्रात पूर्व डावीकडे येते. हे समजावताना ती पहिल्या वर्षाच्या मुलांना बाकावर उताणं झोपायला लावायची. दहा वर्षं पडद्याकडे बघून तिच्या स्वतःच्या डोळ्यांना पूर्व डावीकडेच बघायची सवय झाली होती.

कारणं तिनं बरीच शोधली. फरशीला उतार असेल. पण बापाची पाणसळ लावून पाहिली, उतार नव्हता. शेजारच्या बोअरवेलच्या मोटारीनं हादरे बसत असतील. मोटार दोन दिवस बंद ठेवायला लावली, तरी कॉट सरकलीच. डोळे तपासून घेतले, चष्म्याचा नंबर तोच होता. पायांना विटा लावल्या. दुसऱ्या दिवशी विटा जागच्या जागी होत्या आणि कॉट त्यांच्या पलीकडे. विटा कुणी उचललेल्या दिसत नव्हत्या, त्यांच्यावरची धूळसुद्धा तशीच होती. 

एका दुपारी ती रजेवर होती आणि लाइट गेली. पंखा थांबला तशी खोली एकदम शांत झाली. त्या शांततेत एक आवाज येत होता. फार हळू. दगडावर दगड फिरावा तशी घरघर. गावात आता जातं कुणी वापरत नाही, पिठाची गिरणी आहे. तिनं फरशीला कान लावला, भिंतीला लावला. आवाज तिथे नव्हता. मग तिनं मान वर केली. आप्पा आधीपासून तिकडेच बघत होते.

"आप्पा, तुमाला ऐकू येतंय?"

"थांब," आप्पा म्हणाले. ते तिला म्हणाले नव्हते.

चुलतभाऊ विक्रम आला आणि दोन मित्रांना घेऊन त्यानं कॉट उचलून भिंतीला लावली. तो लष्कराच्या भरतीची तयारी करणारा, पहिलवान गडी, पण घामाघूम झाला. "प्रियाक्का, मुंगीनं मेरूपर्वत गिळला म्हणून सांगालीस तू," तो हसत म्हणाला. ही कॉट हलतेच कशी, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साठ अंशांवर होती. जे दहा दिवसांत झालं होतं ते एका रात्रीत झालं, वर आणखी थोडं.

आणि ती कुठे चालली होती हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नव्हतं. येळ्ळुरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. जिवंत माणूस पूर्वेला उशी करून निजतो. दक्षिणेला पाय करून निजत नाहीत, तसं फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात. कोन नव्वदावरून उतरत शून्यावर आला की आप्पांची उशी उत्तरेला आणि पाय दक्षिणेला येणार होते. प्रियदर्शनीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी ती खूप घाबरली होती आणि ते स्वतःपाशी नाकारण्यात अर्थ नव्हता. रविवारी आप्पांना जाळीवरच्या गादीसकट विक्रमच्या घरी हलवायचं, असं ठरलं. गुरुवार उजाडला तेव्हा कॉट सेहेचाळीस अंशांवर होती.

५

गुरुवारी प्रॅक्टिकल लौकर संपलं. साडेतीन वाजले होते. प्रयोगशाळेत ऊन आडवं आलं होतं आणि शिपाई बाहेर व्हरांड्यात कुणाशी तरी कन्नडमध्ये मोठ्यानं बोलत होता. प्रियदर्शनीनं लॅपटॉप उघडून फाइल लावली, दांड्यावर रेघ ठेवली. पंचेचाळीस.

तिनं आकडा वहीत लिहिला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. दांडा रेघेवर नव्हता. रेघ जागेवर होती, दांडाच तिच्यापासून जरासा सुटला होता. ती बघत राहिली. बघता बघता फट रुंदावली.

ते हलत होतं. थांबून थांबून हलत होतं असं नाही, तर अखंड, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलावा तसं. दोन्ही भुजा त्याच्या मागून ओढल्या जात होत्या. बारा अब्ज वर्षांपूर्वीचा एक फोटो होता तो, फाइलमध्ये साठवलेला. तिनं हात मागे घेतला. चव्वेचाळीस झाले असणार, कमीच.

तिनं मंगलला फोन लावला. "आक्का, आप्पा कसे हाइत?"

"हाइत की. छताकडं बघालेत. का गं, दम का लागलाय तुला?"

"कॉट बघ. हलालीया काय?"

पलीकडे बांगड्या वाजल्या, ती वाकून बघत असावी. मग मंगलचा आवाज एकदम बारीक झाला. "प्रिया... व्हय गं. मी हात बी लावला न्हाय. आपलं आपण..."

"भिऊ नको. ऐक माझं. पायथ्याशी उभी ऱ्हा. उशाची बाजू डावीकडं ढकल. डावीकडं, भितीला सरळ लागंस्तोवर. मग मी येतो तवर धरून ऱ्हा."

"डावीकडं? अगं पण..."

"डावीकडंच. लौकर कर आक्का, बोलत बसू नको."

तिचे डोळे पडद्यावर होते. दांड्याचं वरचं टोक डाव्या कोपऱ्याकडे होतं. ते आणखी डावीकडे ढकललं की दांडा पुन्हा आडवा, पुन्हा पूर्व-पश्चिम, नव्वद. फोनमधून आप्पांचा आवाज येत होता, एकच शब्द, पुन्हा पुन्हा. मग फोन ठेवल्याचा आवाज झाला.

तिनं लॅपटॉप तसाच उघडा टाकला आणि स्कूटरची किल्ली घेतली.

येळ्ळूर रोडवर ऊस भरलेले दोन ट्रॅक्टर पुढे होते आणि बाजूला जायला जागा नव्हती. ट्रॉलीच्या मागे पहिल्या गिअरवर रखडत असताना तिनं मनातल्या मनात खोली डोळ्यांपुढे आणली. मंगल पायथ्याशी उभी, तोंड उशाकडे. समोर ईशान्य. उजव्या हाताला पूर्वेची भिंत. डाव्या हाताला उत्तरेची. तिनं सांगितली होती ती पडद्यावरची डावी बाजू.

तिनं फोन काढला, लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

६

मंगल अंगणात पायरीवर बसली होती. पदर तोंडाला लावलेला.

"तू म्हणालीस तसं केलं बघ," ती म्हणाली. "मला वाटलं उलटं सांगालीस. तिकडं उशी म्हंजे पाय कुठं येतील, मला काय कळत न्हाय व्हय? पण तू शिकलेली. आणि वरडालतीस."

"एकटीनं ढकललीस?"

"ढकलायला कुठं लागलं गं? नुस्ता हात लावला. पाण्यावर पान सरकावं तशी गेली." तिनं प्रियदर्शनीचा हात धरला. "सारखं थांब थांब म्हणालते. म्हटलं न्हेमीचंच. पाणी दिलं तर त्वांड मिटून घेतलं."

प्रियदर्शनी आत गेली. कॉट उत्तर-दक्षिण होती. भिंतीला इतकी समांतर की भावकू गवंड्यानं स्वतः लावली असती तरी याहून सरळ लागली नसती. आप्पांचे डोळे उघडे होते, डावा हात छातीपासून वर उचललेला आणि तळवा बाहेर, एखादी गाडी थांबवताना करतात तसा. तो खाली आलाच नव्हता. तिनं तळव्याला हात लावला, मग नाकापाशी धरला. श्वास नव्हता.

ती फरशीवर बसली. त्यामुळे ते तिला दिसलं.

मागच्या दारातून आलेलं ऊन कॉटखालून थेट तिच्यापर्यंत पोचत होतं. पायांखालून सुद्धा. चारही लोखंडी पायांच्या आणि फरशीच्या मध्ये उजेडाची एक बारीक रेघ होती, बोटभर जाडीची, आणि त्या उजेडात धुळीचे कण संथपणे एकाच दिशेनं गोल फिरत होते. तिनं श्वास रोखला. ती घरघर होती, अगदी जवळ, आणि ती मंद होत होत बंद पडली.

मग कॉट खाली बसली. चारही पाय एकदम टेकले आणि खोलीतली भांडी हादरली.

७

दिवस मावळायच्या आत भावकी जमली. विक्रमनं अंगणात खुर्च्या मांडल्या, बायका स्वयंपाकघरात बसल्या, कुणीतरी टिळकवाडीतल्या डॉक्टरांकडून मृत्यूचा कागद आणायला गेलं. प्रियदर्शनी बापाच्या पायाशी भिंतीला टेकून बसली होती. कुणी चहा दिला तो तिनं घेतला आणि कप हातातच राहिला.

नागोजीअण्णा काठी टेकत आत आले. अशा वेळी काय कसं करायचं हे गावात त्यांनाच विचारतात. कॉट पाहून ते दारातच थांबले. उशाकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं. मग पुढं येऊन त्यांनी काठीनं भिंतीपासूनचं अंतर दोन्ही टोकांना अजमावलं आणि मान हलवली.

"ह्ये कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

मंगल दाराआड उभी होती. तिनं प्रियदर्शनीकडे पाहिलं.

अण्णांनी वाकून प्रियदर्शनीच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "लोक म्हणत्यात, शिकलेल्या पोरींना रीतभात कळत न्हाय," ते बाहेरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "बघा की. बापाला हाताळायचं काम बी ठेवलं न्हाय हिनं. आपल्या हातानं सगळं नीट करून बसलीया."

बाहेर माणसं हळहळली, कुणी माना डोलावल्या. प्रियदर्शनीनं वर पाहिलं नाही. ती "व्हय अण्णा" म्हणाली आणि कपातला गार चहा पिऊन टाकला.